दुखतंय म्हणायला मनाई

शाळेच्या घाईत वेणी घालताना आईचा हात लेकीच्या गालाला लागला, आणि पोर अशी किंचाळली की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"बघू! तोंड उघड. उघड म्हणते ना!"

मागची दाढ किडून काळी पडली होती आणि हिरडी टम्म सुजली होती. हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं.

"कधीपासून दुखतंय गं?"

"खूप दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

पोरीने खाली मान घातली. "बाबा म्हणतात, खेळाडू कधी दुखतंय म्हणत नाहीत."

बाबा त्याच वेळी जिना उतरत होते. त्यांचं जिना उतरणं हा घरातला रोजचा एक कार्यक्रमच असे. कठडा दोन्ही हातांनी धरायचा, अंग तिरकं करायचं आणि खेकड्यासारखं एकेक पायरी खाली यायचं. लेकीचं वाक्य कानावर पडलं तशी त्यांची छाती फुगली.

"शाब्बास माझी वाघीण! दाढ दुखत असतानासुद्धा काल मैदानावर धावली!"

बायको हातात अर्धी वेणी धरून वळली. "शाब्बास? अहो, पोरगी इतके दिवस एकाच बाजूने चावतेय, आणि तुम्ही तिची पाठ थोपटताय? या घरात दुखणं म्हणजे गुन्हाच झालाय!"

"अगं, पण थोडं सहन करायला शिकायला नको का?"

"सहन करणं वेगळं आणि लपवणं वेगळं. सहन करणारा माणूस औषध घेतो. लपवणाऱ्याला उचलून न्यावं लागतं." एवढं बोलून तिने पर्स खांद्याला अडकवली, लेकीचा हात धरला आणि ती दातांच्या डॉक्टरांकडे निघून गेली. मागे राहिला तो एकटा आणि ओट्यावरचं दूध. ते त्याने मुकाट्याने पुसलं.

या माणसाला खरं नाव होतं, पण ते बँकेपुरतं उरलं होतं. जग त्याला 'बुरूज' म्हणायचं. छापखान्यातल्या कामगाराचा हा मुलगा गोदामांमागच्या मोकळ्या जागेत फुटबॉल शिकला. उंचीला ताडमाड, पायाने जरा जड, पण गोलसमोर उभा राहिला की समोरच्या संघाला वाट सापडत नसे. ऐन विशीत तो मोठ्या क्लबकडून व्यावसायिक सामने खेळू लागला. त्याचे तेव्हाचे कोच शिट्टीशिवाय बोलत नसत, आणि बोललेच तर एकच वाक्य बोलत: "रक्त आलं तर टॉवेल आहे, हाड मोडलं तर संध्याकाळी बघू." तीच बुरुजाची शाळा. एकदा तर गुडघ्यात दुखणं मारणारी सुई टोचून घेऊन तो अख्खी फायनल खेळला. संघ जिंकला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो झळकला. त्याच सकाळी तो बाथरूमपर्यंत रांगत गेला, पण तो फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

तिशी ओलांडली आणि गुडघ्यांनी हात टेकले. क्लबने ढाल दिली, टाळ्या दिल्या आणि त्याच आठवड्यात त्याची जागा दुसऱ्याला दिली. मग बुरूज घरी बसून टीव्हीतल्या खेळाडूंवर ओरडायला लागला. बरेच महिने ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या टीव्हीला ऐकू येत नाही. ज्यांना कान आहेत त्यांना जाऊन सांगा की!"

अशी त्याच्या कोचिंगची सुरुवात झाली. आधी लहान मुलं, मग एका संघात मदतनीस, आणि शेवटी दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबचा मुख्य कोच. कोच म्हणून तो खरंच अव्वल होता. चेंडू कुठे जाणार हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं, आणि ते दुसऱ्याला समजावून सांगायची हातोटीही त्याच्याकडे होती. पण माणूस नव्या घरात राहायला जातो तेव्हा चांगल्या सामानाबरोबर अडगळही नेतोच. बुरुजाने जुन्या शाळेची अडगळ बरोबर आणली होती. पहिल्याच दिवशी त्याने संघाला बजावलं, "बूट आत आणा, कुरकुर बाहेर ठेवा. 'दुखतंय' हा शब्द या ड्रेसिंग रूममध्ये मला ऐकू यायचा नाही." पोरं आधी हसली आणि मग अक्षरशः तसंच वागू लागली.

त्या हंगामात लीगने नवा नियम काढला, प्रत्येक क्लबला स्वतःचा डॉक्टर हवा. म्हणून एक डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आणि जिभेला कात्रीची धार. त्यांना ड्रेसिंग रूमशेजारची खोली मिळाली. पलंग, कपाट, बर्फाची पेटी, सगळं काही मिळालं. पेशंट तेवढा मिळेना! बाई बसून शब्दकोडी सोडवायच्या. शेवटी एक दिवस त्या बुरुजासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोच, एवढे तरणेताठे गडी दिवसभर एकमेकांवर आदळतात आणि माझ्याकडे साधं खरचटल्याचं कुणी येत नाही. एक तर ही सगळी देवमाणसं आहेत, नाहीतर खोटारडी."

"माझी पोरं कणखर आहेत, डॉक्टर. आम्ही असेच घडलो."

"घडलात की मोडलात?" बाईंनी विचारलं. "खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकता, ते मी बघते हो."

बुरूज लाल झाला. बाईंचा आवाज मात्र खाली आला. "हे बघा, गुडघा गेला तर माणूस लंगडतो, पण जगतो. डोक्याचं तसं नसतं. डोक्याला मार बसलेला माणूस 'मला काही झालं नाही' असं सांगतो, आणि सांगतो कोण? तर तेच मार खाल्लेलं डोकं! साक्षीदारच शुद्धीवर नाही, त्याची साक्ष कसली धरताय? म्हणून ते बाकीच्यांनी ठरवायचं असतं."

"वेळ येईल तेव्हा बघू," म्हणून बुरुजाने विषय मिटवला.

आणि वेळ आली ती नेमकी लेकीची दाढ किडलेली निघाली त्याच दिवशी. दुपारी हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलं तर क्लब पहिल्या श्रेणीत जाणार होता, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. बरोबरी झाली तर आहे तिथेच. सगळ्यांच्या आशा होत्या मधल्या फळीतल्या एका पोरावर. चेंडू पायात असताना तो जागच्या जागी असा गरकन फिरायचा की अंगावर आलेले दोघे-तिघे एकमेकांना धडकायचे. त्याला सगळे 'भोवरा' म्हणत. वडील लहानपणीच गेलेले, आईने शिवणयंत्रावर त्याला वाढवलेलं.

मध्यांतर जवळ आलं होतं आणि गोल कुणाचाच झाला नव्हता. कॉर्नर आला. भोवरा उडाला, समोरचा बचावपटूही उडाला आणि हवेत दोन डोकी एकमेकांवर आदळली. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज बाकापर्यंत ऐकू आला. भोवरा काही क्षण निपचित पडला. मग उठला, प्रेक्षकांकडे बघून हात हलवला आणि सगळ्या स्टँडने एकच गर्जना केली. डॉक्टरीणबाई धावत गेल्या. आज वार कोणता, समोर संघ कोणता, त्यांनी पटापट विचारलं. त्याने हसत हसत सगळी उत्तरं दिली. तेवढ्यात मध्यांतराची शिट्टी झाली.

"मला तो बाहेर हवाय," बाई आत शिरताच म्हणाल्या.

"उत्तरं बरोबर दिली ना त्याने?"

"दिली. पण माझं बोट एकीकडे जातं आणि त्याचे डोळे मागाहून येतात."

एवढ्यात क्लबचे अध्यक्ष घामाघूम होऊन आत आले. "भोवरा खेळतोय ना?"

"खेळतोय," बुरूज म्हणाला.

"नाही खेळत," बाई म्हणाल्या.

"बाई, हा सामना आहे, दवाखाना नव्हे!" अध्यक्षांनी हात झटकले.

बुरूज पोरांकडे वळला. भोवरा बाकावर बसून तोंडावर पाणी मारत होता. त्याने मान वर केली. "सर, दुसऱ्या हाफमध्ये मी त्यांच्या डावीकडून घुसू का?"

"घुस. त्यांचा तिकडचा गडी दमलाय."

भोवऱ्याने मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला, बुटाची नाडी ओढली. मग पुन्हा मान वर केली.

"सर, दुसऱ्या हाफमध्ये मी त्यांच्या डावीकडून घुसू का?"

तेच शब्द, तोच सूर.

"आत्ताच तर सांगितलं ना तुला?"

"कधी?" भोवरा गोंधळला. आणि लगेच चेहरा सावरून हसला. "हां हां, सांगितलंत. आठवलं, सर. मी एकदम ओके."

हे हसू बुरुजाने आधी पाहिलं होतं. गेले कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर, एका बाजूने चावत, त्याची लेक अगदी असंच हसत होती. काही नाही बाबा, मी ठीक आहे. अरे, हे हसू या पोरांना शिकवलं कुणी? बायकोने नाही, शाळेने नाही. मीच शिकवलं! आणि वर शाब्बास म्हणालो!

"बूट काढ," तो म्हणाला.

"सर?"

"बूट काढ. तुझा सामना संपला."

भोवरा ताडकन उठला, कलंडला, भिंत धरून उभा राहिला. "मला काही झालेलं नाही! तुम्ही गुडघ्यात सुई घेऊन फायनल खेळलात. तुम्हीच सांगता ना आम्हाला! मग मी का नाही?"

"सांगतो खरं, पण अर्धंच सांगतो," बुरूज म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमपर्यंत रांगत गेलो, हे कधी सांगितलं नाही. आज माझ्या मुलीला धावायचं असतं माझ्याबरोबर. ती धावते आणि मी कोपऱ्यावर उभा राहून घड्याळ बघतो. हेही नाही सांगितलं. बस खाली, बाळा."

अध्यक्षांचा चेहरा काळवंडला. "कोच, विचार करा. आज जिंकलो नाही तर तुमच्या खुर्चीचं मला काही सांगता येणार नाही."

"खुर्ची घ्या साहेब. पोरगं मला त्याच्या आईच्या हवाली करायचंय, ते धड करू द्या."

डॉक्टरीणबाईंनी भोवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला रुग्णवाहिकेकडे नेलं. वाटेत त्याला उलटी झाली, आणि मग मात्र तो एकदाही 'ओके' म्हणाला नाही.

सामना बरोबरीत सुटला. भोवऱ्याच्या जागी आलेल्या पोराने जिवाचं रान केलं, शेवटी शेवटी त्याचा एक फटका खांबाला लागून परतलाही. पण गोल काही झाला नाही. स्टँडमधून शिव्यांचा भडिमार झाला. एक अर्धी भरलेली बाटली बुरुजाच्या खांद्यावर आपटली. तो पत्रकारांकडे गेला नाही, कपडेही बदलले नाहीत. तसाच शिट्टी गळ्यात ठेवून त्याने इस्पितळ गाठलं.

वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात भोवऱ्याची आई बसली होती. कामावरून उठून तशीच आलेली, गळ्यात मोजपट्टी लोंबत असलेली. बुरूज शेजारच्या खुर्चीवर बसला. समोरचं दार बंद होतं. कुणी आत गेलं की दोघंही उभी राहायची, बाहेर कुणी आलं नाही की पुन्हा बसायची.

अखेर दार उघडलं. मेंदूचे डॉक्टर बाहेर आले, मागोमाग डॉक्टरीणबाई.

"डोक्यात आत थोडा रक्तस्राव झालाय," ते डॉक्टर म्हणाले. "थोडासाच. ऑपरेशनची गरज वाटत नाही. काही दिवस इथे नजरेखाली ठेवू, नंतर काही महिने पूर्ण विश्रांती. मुलगा बरा होईल. पण खेळत राहिला असता आणि आणखी एक धक्का बसला असता, तर हे मी तुमच्याशी इतक्या सहज बोलत नसतो."

बरा होईल! भिंतीला पाठ लावून बुरूज घसरत घसरत जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डोक्यावर धोंडा घेऊन चढण चढावी आणि कुणीतरी तो अलगद उतरवून घ्यावा, तसं त्याला झालं. मोठमोठे सामने जिंकूनही त्याला कधी असं हलकं वाटलं नव्हतं.

भोवऱ्याची आई डोळे पुसत होती आणि हसतही होती. "त्याला बाहेर कुणी काढलं?" तिने विचारलं. बाईंनी जमिनीवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं.

आई त्याच्यासमोर उकिडवी बसली. "लोकांनी फार शिव्या घातल्या म्हणे तुम्हाला?"

"घातल्या, ताई."

"खा थोड्या. पचतील."

या बोलण्यावर बाईंना हसू आवरेना, आणि बुरूजही रडता रडता हसला.

थोड्या वेळाने अध्यक्ष आले. येताना बहुधा बरंच काही बोलायचं ठरवून आले असावेत. पण डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं आणि ते खिडकीपाशी गेले. खिशात फोन सारखा थरथरत होता. "पत्रकार आहेत," ते म्हणाले. "भोवऱ्याला का काढलं, विचारताहेत. काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

अध्यक्षांनी मान हलवली. मग घसा खाकरून म्हणाले, "मी मध्यांतरात जे बोललो ना, खुर्चीबिर्ची... ते सोडून द्या. मैदानं कुठे पळून जात नाहीत. पुढच्या वर्षी जाऊ वर."

बुरूज घरी पोचला तेव्हा दाढ काढलेली लेक गालावर बर्फ धरून बसली होती. तो तिच्याशेजारी बसला. "दुखतंय का गं?"

लेकीने आधी आईकडे बघितलं, मग बाबांकडे. "हो. खूप दुखतंय."

"शाब्बास!" बुरूज म्हणाला, आणि त्याने तिला जवळ घेतलं. बायकोने चहा पुढे केला, साखर जरा जास्त घालून.

पुन्हा सराव सुरू झाला त्या दिवशी त्याने सगळ्यांना गोल करून बसवलं. "मी एक शब्द या खोलीबाहेर काढला होता. तो आज आत घेतोय. कुणाला काय दुखतंय, सांगा."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. यात काही डाव तर नाही ना? शेवटी गोलकीपरने भीत भीत हात वर केला. करंगळी वाकडी झालेली. "सर, हे मोडलंय बहुतेक. हिवाळ्यापासून." मग उजव्या बाजूचा बचावपटू म्हणाला, त्याची कंबर धरते. मग आघाडीचा एकजण म्हणाला, त्याला रात्र रात्र झोप लागत नाही, सामन्याच्या आधी छातीत धडधडतं, आणि हे दुखण्यात धरतात की नाही ते त्याला माहीत नाही. "धरतात, बाळा," बाई दारातून म्हणाल्या. "सगळ्यात आधी धरतात."

बघता बघता त्यांच्या खोलीबाहेर रांग लागली. बाईंनी डोक्याला हात लावला. "अरे, हा संघ आहे की भंगाराचं दुकान? माझं शब्दकोडं राहिलं ना अर्धं!" रांगेच्या शेवटी कोण उभं होतं? खुद्द बुरूज. "या," बाई म्हणाल्या, "तटबंदी कुठे कुठे ढासळलीय, एकदा बघूनच टाकू." सुरुवातीला मान खाली घालून, मग मोकळेपणाने, त्याने दोन्ही गुडघ्यांची सगळी कहाणी सांगितली. गुडघे काही नवे होणार नव्हते. पण इतकी वर्षं एकट्याने वागवलेलं ओझं दुसऱ्याच्या कानावर घातलं, त्यानेच निम्मं हलकं झालं.

काही महिन्यांनी, सगळ्या तपासण्या पार पडल्यावर, भोवऱ्याला खेळायची परवानगी मिळाली. नवा हंगाम अर्ध्यावर आला होता. बुरुजाने त्याला दुसऱ्या हाफमध्ये उतरवलं. स्टँडमध्ये त्याची आई पहिल्याच रांगेत बसली होती. पोरगं पहिल्याच चेंडूवर गरकन फिरलं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काही वेळाने तो धावता धावता थांबला. पोटरी धरून खाली बसला. अख्खं मैदान श्वास रोखून बघत होतं. भोवऱ्याने कुणाकडे चोरून बघितलं नाही, की हसून वेळ मारून नेली नाही. त्याने हात उंच केला आणि बाकाकडे बघून मोठ्याने ओरडला, "सर, दुखतंय! बाहेर घ्या!"

साधा पेटका होता. पण हजारो लोकांदेखत एका व्यावसायिक खेळाडूने हे असं सांगावं, हे त्या मैदानाने कधी पाहिलं नव्हतं. आधी कुठूनतरी एक टाळी वाजली. मग दुसरी. आणि मग सगळा स्टँड उठून उभा राहिला! बुरुजाने बदली खेळाडूला आत पाठवलं, लंगडत आलेल्या भोवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

मंडळी, ही गोष्ट फुटबॉलची आहे खरी, पण मैदानापुरती नाही. आपल्या घराघरात, कचेऱ्यांत, शाळांत असे किती भोवरे 'मी ठीक आहे' म्हणत हसत असतील! दुखणं लपवणाऱ्याला आपण शूर म्हणतो, आणि सांगणाऱ्याला नाजूक. मग पोरं तरी काय शिकणार? दुखणं सोसायला ताकद लागते, हे खरंच. पण ते वेळेवर सांगायला त्याहून मोठी हिंमत लागते. आणि ज्या घरात, ज्या संघात ते न घाबरता सांगता येतं, तिथलीच माणसं लांबच्या पल्ल्याला टिकतात. आज घरी गेल्यावर आपल्या माणसांना एकदा नक्की विचारा, "कुठे दुखतंय का रे?" आणि विचारल्यावर, उत्तर येईपर्यंत जरा थांबा.